पहिला पर्याय

"दाखव गं हात," साहेब म्हणाले.

मी हात पुढे केले. साहेब म्हणजे ज्यांच्या इमारती माझे बाबा बांधतात ते इंजिनीअर. अमरावतीला राजापेठेत त्यांचं ऑफिस आहे. दहावीच्या सुट्टीभर मी बाबांच्या कामावर घमेली उचलली होती. तळव्यांना घट्टे पडले होते. साहेबांनी माझं मनगट धरलं आणि समोर बसलेल्या दोघांना तळवा दाखवला.

"हिला बांधकामाचा कोर्स करायचाय. अहो, हिचा कोर्स तर झालेलाच आहे!"

सगळे हसले. बाबाही हसले.

साहेबांचं सोडा. बाबांचं हसणं मला लागलं. अजून लागतं.

आम्ही अकोल्याकडच्या हिवरखेडचे. बाबा मिस्त्री, आई त्यांच्याच हाताखाली. बाबांना फॉर्म वाचता येत नाही, पण नकाशा वाचता येतो. कागदावर जिन्याची एक पायरी चुकली असेल तर पहिली वीट ठेवायच्या आधी सांगतात. तो कागद आपण काढायचा, हे मी आठवीपासून ठरवलं होतं. आयटीआयला इमारतीचे नकाशे शिकवणारा ट्रेड असतो, ड्राफ्ट्समन सिव्हिल. मार्क पुरेसे होते. मी नेट कॅफेत जाऊन फॉर्म भरणार होते. बाबा म्हणाले, "साहेबाले इचारू. त्याहीले समजते."

साहेबांनी माझा जातीचा दाखला पाहिला. "तुमचं बरं आहे, सीट घरपोच," म्हणाले. मग कॉम्प्युटरकडे वळले आणि पहिल्या पर्यायात शिवणकाम टाकलं. माझा ट्रेड दुसरा.

"सर, पहिलं ड्राफ्ट्समन पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबांना विचारलं, "साईटवर पोरगी नकाशा घेऊन उभी राहिली तर तू ऐकशील का रे मिस्त्री?"

"तुमी म्हनसान तसं, साहेब."

ओटीपी आला. मोबाइल बाबांचा. अक्षरं त्यांना जड जातात, आकडे नाही. त्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला. अगदी नीट, भिंतीचं माप सांगतात तसा. मी शेजारीच उभी होते. मोबाइल हिसकावता आला असता. नाही हिसकावला. साहेबांसमोर आवाज काढायचा नाही, एवढं मला न शिकवता येत होतं. फॉर्म लॉक झाला.

यादी लागली. पहिलाच पर्याय मिळाला, शिवणकाम. तो मिळाला की घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. अमरावतीच्या आयटीआयच्या खिडकीतल्या मॅडमनी हे दोनदा समजावून सांगितलं. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण नियम त्यांच्या हातात नव्हता.

"घे पोरी. वरीस वाया जाईन," बाबा म्हणाले.

"मी नाही घेत."

"काहून असं करून राहिली? साहेबाले काय सांगू मी?"

माझ्या वर्षापेक्षा साहेबांना काय सांगायचं याचंच त्यांना मोठं कोडं पडलं होतं. मी सही केली नाही. परतीच्या एसटीत अकोल्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. आपण बरोबर केलं असं एकदाही वाटलं नाही.

वर्ष गेलं. आता अकोल्यात साहेबांच्याच इमारतीवर घमेली उचलते. दुसरं काम कुठे आहे? मागच्या आठवड्यात साहेब आले होते.

"काय गं, शिलाई नाही जमली?"

"मले नकाशाच काढाचा हाय," मी म्हटलं.

त्यांना फोन आला, ते बोलत पुढे निघून गेले. ऐकलं की नाही, कोण जाणे. बाबा ओळंब्याची दोरी धरून खाली बघत राहिले.

त्या संध्याकाळी मी आईच्या आधारवर माझं वेगळं सिम घेतलं. फॉर्म पुन्हा निघतील. पहिल्या पर्यायात ड्राफ्ट्समन सिव्हिल टाकणार. दुसरा, तिसरा, सगळे रिकामे ठेवणार. ओटीपी माझ्या मोबाइलवर येईल. तो मी कोणालाही वाचून दाखवणार नाही.

बाबांनाही नाही.