झापड
वाळवंटातल्या चँडलर गावात आमच्या शेजारी एक विमानवेडा राहतो. साठीला आलेला, आधी इंग्लंडात होता. ढगातून विमान न्यायचा तिथला परवाना त्याच्याकडे आहे. युरोपचे नियम आले तेव्हा तो बंदच व्हायचा होता. याच्यासारख्यांनी अर्ज करकरून वाचवला. दर दोन वर्षांनी त्याची परीक्षा द्यायला हा इंग्लंडला जातो.

आमच्याकडे ढग कुठले! म्हणून हा डोळ्यांवर झापड लावून सराव करतो. बाहेरचं दिसू नये, समोरच्या यंत्रांचे काटे तेवढे दिसावेत. अंगणातल्या खुर्चीतही तसाच बसून आकडे पुटपुटतो.

मी म्हणते, "घाण्याचा बैल!"

"मावशी, बैलाला लायसन्स रिन्यू करावं लागत नाही."

या वेळी नापास होऊन आला. म्हणाला, "परीक्षेत एकदा झापडेखालून बाहेर डोकावलो."

"परीक्षकाने पकडलं?"

"नाही, मीच सांगितलं."

"कशाला? परवाना गेला ना!"

"गेला. पुन्हा टेस्ट देईन. पण मावशी, खऱ्या ढगात डोकावून काय दिसणार?"

दुसऱ्या दिवशी झापड लावून खुर्चीत हजर. बैल म्हणायचं मी सोडलेलं नाही. विमानाची मला भीती वाटते. बसायचंच झालं तर याच्याच विमानात बसेन.