ओवाळलेली भाकरी आणि आमचा कुत्रा

अन्याय झाला तो आमच्या कुत्र्यावर. पोळ्याच्या दिवशी, भर दुपारी, अंबडमधल्या आमच्या गल्लीत, आमच्याच फाटकासमोर. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, सगळे बैल बघायला गेले होते. गावभर एका जनावराच्या पाया पडणं चाललं होतं, आणि इथे दुसऱ्या जनावराच्या तोंडात माणसाचं दुखणं भरवलं जात होतं. अंधश्रद्धेच्या विरोधात पत्रकं लिहिण्यात मी कॉलेजची सगळी वर्षं घालवली, तरी हे वाक्य असंच लिहिते. भरवणाऱ्या बाईच्या मनात नेमकं तेच होतं.

कुत्रा गावठी. काळा कुळकुळीत, पायाच्या नखापर्यंत काळा. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यांच्या थप्पीमागे सापडला, मी ओढणीत गुंडाळून घरी आणला. आई म्हणाली, "काळाच कशाला आणला? दुसरा रंग संपला का?" मी नेहमीसारखं भाषण दिलं. आईने नेहमीसारखं ऐकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला दूधभाकरी चुरून घातली.

गेल्या हिवाळ्यात तो भिंतीपाशी पाय वर करून उभा राहिला आणि उभाच राहिला. काही होईना. पाय थरथरायला लागला तरी खाली घेईना. जालन्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि मूत्राशयातून काढलेले खडे मला वाटीत दाखवले. ज्वारीच्या दाण्याएवढे, मळकट पांढरे. "हा खडे करणारा कुत्रा आहे," ते म्हणाले. "आता काढले, पण पुन्हा होणार. ते होऊ नयेत म्हणून एकच उपाय, हे खाणं. याच्याशिवाय दुसरं काहीही नाही. भाकरी नाही, दूध नाही, हाड नाही. मध्ये दुसरं काही गेलं की या खाण्याचा उपयोग संपला. आणि पाणी भरपूर."

तर ते खाणं. पिशवीतल्या करड्या गोळ्या. त्या मी कोमट पाण्यात भिजवायची, मऊ झाल्या की वरून आणखी पाणी घालून पातळ करायची, म्हणजे खाण्याबरोबर पाणीही पोटात जातं. वास औषधाच्या दुकानासारखा. पहिले काही दिवस तो भांड्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा, दवाखान्यातली खिचडी पुढे आल्यावर पेशंट नर्सकडे बघतो तसा. हळूहळू खायला लागला.

गल्लीला हा तमाशा आवडला. "माणसाला मिळंना आन कुत्र्याला पाकिटातलं!" कुणी म्हणे, "आमच्या यांनाबी दे बाई एक पाकीट, लई पोट सुटलंय." मी हसून घेतलं. पण येता जाता शिळी भाकरी टाकायची सवय काही सुटेना, म्हणून मी माझं हत्यार काढलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फाटकाला बांधलं: या कुत्र्याला मुतखड्याचा आजार आहे. याला काहीही खायला घालू नका. साधी, सरळ भाषा. चळवळीत आम्हाला हेच शिकवलं होतं, कारण सांगा, मग माणसं ऐकतात.

आमच्या आणि शेजारच्या घराची मधली भिंत एकच. पलीकडे काका आणि काकू, दोघंच. पाऊस सुरू झाला त्या सुमारास काकांनाही मुतखडा झाला. हे मला भिंतीतून कळलं. आधी "हं" असा आवाज यायचा, मग काही नाही, श्वास धरलेला. आणि मग दातांतून बाहेर सोडलेली हवा, लांबच लांब, शेवटी जराशी शिट्टीसारखी. स्वयंपाकघरात भांडी घासताना मी पण श्वास धरून बसायची, पलीकडून हवा सुटेपर्यंत. आई म्हणायची, "तू कशाला कुंथून राह्यली?"

श्रावणात कुत्रा बदलला. दुपार झाली की तो भांडं सोडून फाटकापाशी जाऊन बसायचा. शेपूट हलत नसे. कुत्रं कुणाची वाट बघतं तेव्हा ते सगळ्या अंगाने बघतं, हा मात्र दगडासारखा. रस्ता मोकळा असायचा, उन्हाने पांढरा झालेला. मी हाक मारली तर कान वळायचा, मान नाही. एकदा त्याच्या मिशांना पिवळं दिसलं. पुसलं तर हळद. एकदा जीभ लाल दिसली, बोट लावलं तर बोटाला कुंकू. आई म्हणाली, कुठेतरी पूजेचं तोंडात घातलं असेल. मग अंगणातल्या फरशीवर त्याने पाय वर करून टाकलेले थेंब मला गुलाबी दिसले. मी वाकून बघत राहिले. हा लाल तोच की वेगळा, हे मला ठरवता येईना.

पोळ्याच्या दिवशी आई बैल बघायला गेली. मी गोळ्या भिजवून भांडं घेऊन बाहेर आले, तर फाटकाच्या पलीकडे काकू उकिडव्या बसलेल्या. हात गजांमधून आत. कुत्रा खात होता, अजिबात आवाज न करता. काकूंचे ओठ हलत होते. शेवटचा तुकडा संपला तशा त्या उठल्या आणि चालायला लागल्या. त्यांच्या घराकडे नाही, उलट्या बाजूने, कोपऱ्यावरच्या पिंपळाकडून वळसा घालून.

"काकू!" मी ओरडले.

गल्लीच्या टोकावरून कुणी शिंकलं तरी वळून बघणारी ही बाई. वळली नाही. चाल मोडली नाही, पदर सावरला नाही. मला कळलं. उतारा टाकणाऱ्याने मागे बघायचं नसतं. आजारी माणसावरून भाकरी ओवाळायची आणि काळ्या कुत्र्याला घालायची. दुखणं भाकरीत उतरतं आणि भाकरी कुत्र्यात. यावर मी स्वतः पत्रक लिहिलंय. चांगलं झालं होतं ते, दोनदा छापावं लागलं.

संध्याकाळी आई परतली, आम्ही चहा टाकला. तेवढ्यात तो आवाज आला. "हं." मग श्वास धरलेला. मी सवयीने भिंतीकडे तोंड करून थांबले. हवा सुटली, लांबच लांब, शेवटी शिट्टी. पण माझ्या पाठीमागून. भिंत गप्प होती. दुपारपासून गप्प होती, हे तेव्हा लक्षात आलं. अंगणात कुत्रा पाय वर करून उभा होता.

आईने चहाचं पातेलं खाली ठेवलं. एरवी अशा वेळी ती देव्हाऱ्याकडे जाते, आज गेली नाही, ते मला लागलं.

पोळ्याच्या संध्याकाळी रिक्षा मिळणं मुश्कील. एक मालवाहू रिक्षा मिळाली, मागे पोत्यावर मी आणि मांडीवर तो. बैल परतत होते. रंगवलेली शिंगं, झुली, गळ्यात घागरमाळा. आमच्याजवळून जाताना एकेक बैल मान खाली घालून हुंगायचा आणि बाजूला सरायचा. धनी कासरा ओढायचे, शिव्या द्यायचे. बैल सरायचेच. दवाखान्याचा वास असेल त्याच्या अंगाला, मी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, दवाखान्यात तर आम्ही अजून पोचायचे होतो.

डॉक्टरांनी नळी घालून अडकलेला खडा मागे ढकलला. तेव्हा तो टेबलावर ओकला. भाकरी, दही, पिवळा भात, आणि त्यात कुंकवाच्या गुठळ्या.

"ताई, तुम्ही म्हणालात फक्त गोळ्या."

"फक्त गोळ्याच."

"हे आजचं. पण खडे एका दिवसात होत नाहीत. कुणीतरी बरेच दिवस घालतंय." हातमोजे काढता काढता ते म्हणाले, "उद्या परत उघडतो. पण तिसऱ्या वेळेची खात्री माझ्याकडे मागू नका. एकच पोट किती वेळा शिवायचं?"

तो वाचला. पोटाला पट्टी बांधून घरी आला, त्याच दिवशी काकू आल्या. चेहरा उजळलेला, हातात कागदाची पुडी. पुडीत काकांचा खडा.

"पडला बाई, पडला! पोळ्याच्या दुपारी. मी घरात पाय ठेवते न ठेवते तर ह्ये न्हाणीतून वरडले. मला वाटलं गेलं माणूस. बघते तर हसून राह्यले!"

"काकू, आमच्या कुत्र्याला तुम्ही काय घातलं?"

"भाकर."

"ओवाळलेली?"

त्या कुत्र्याकडे बघत राहिल्या. पट्टीकडे. मग अगदी शांतपणे, शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या, "तूच लिहून लावलं न्हाई का फाटकाला, त्याला मुतखडा हाये म्हणून? मी इचार केला, दुसऱ्या चांगल्या जनावराला कशाला नवं दुखणं? याच्यात हायेच. एकात एक मिसळलं तर त्याला काय कळणार?"

भाषणं करणारी मी. कुत्र्याची पट्टी सारखी करत बसले. या बाईने माझा पुठ्ठा नीट वाचला होता, त्यावर विचार केला होता, आणि दया दाखवली होती.

"काका डॉक्टरच्या गोळ्या खात होते ना?"

"खात होते की. गोळ्यानं काय होतंय?"

योगायोग. सभांमध्ये मी हा शब्द टाळीसाठी वापरलाय. गोळ्या चालू, पाणी चालू, खडा कधीतरी पडणारच होता. कुत्र्याला आठवड्यांमागून आठवडे नको ते खाऊ घातलं, तो कधीतरी तुंबणारच होता. दोन्ही खरं. एकाच दुपारी का, याचं उत्तर शास्त्र कुणाला देणं लागत नाही. हे सगळं मला पाठ आहे, आणि तरी त्या दिवशी तो शब्द तोंडात कोरड्या पिठासारखा चिकटला.

काकूंनी पदराखालून आणखी एक भाकरी काढली. वर गूळ. "ही शेवटची. उपकाराची. ही काही ओवाळलेली न्हाई, गोडाची हाये."

"मग तुम्ही खा."

"अं?"

"गोडाची आहे ना? एक घास खा. मग देते त्याला."

त्यांनी तुकडा मोडला. हात ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आम्ही दोघी त्या हाताकडे बघत होतो, जणू तो तिसऱ्याच कुणाचा होता. मग त्यांनी तुकडा भाकरीवर ठेवला, भाकरी ओट्यावर ठेवली आणि त्या निघाल्या. मागे न बघता.

ती भाकरी मी खाल्ली. चौकातल्या उताऱ्याची लिंबं कापून मी भर सभेत सरबत प्यायलेय, भाकरीचं काय? जरा करपलेली, गूळ चांगला होता. आई दारात उभी होती. तेव्हापासून ती दिवसभर माझ्या हातात पाण्याचा तांब्या देत असते आणि मी पिते की नाही ते बघत नाही असं दाखवते. माझा हात अधूनमधून कमरेच्या डाव्या बाजूला जातो. तिथे काही दुखत नाही. हात मात्र जातो.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. बातमी पसरली. काळा कुत्रा आहे, दुखणं ओढून घेतो, त्याच दिवशी गुण येतो. पुठ्ठा मी फाडून टाकला, पण आता घर ओळखायला पुठ्ठ्याची गरज उरली नाही. माणसं दुपारी येतात. बोलत नाहीत. उन्हात उभी राहतात, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी बाहेर गेले की चालायला लागतात, आत आले की परत तिथेच. कुंभार पिंपळगावहून एक बाई एसटीने आली. म्हणाली, "हाच का तो?" तिच्या पोराचं पोट दुखायचं. दवाखाना केला का, विचारलं. "केला. सगळं केलं." मी तिला पाणी दिलं आणि सगळं समजावलं, पट्टी दाखवली, टाके दाखवले. तिने ऐकून घेतलं. जाताना म्हणाली, "तुमच्यावाला न्हाई तर न्हाई. काळं कुत्रं काय एकच असतंय का?"

तिने हे वाईट हेतूने म्हटलं नाही. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

बाकीचे भिंतीवरून टाकतात. मी गोळा करते, पुरते, फरशी धुते. एखादा तुकडा राहिला तर? मी बाहेर असताना कुणी गजांतून हात घातला तर? त्याला साखळी लावून घरात ठेवते, तरी दुपार झाली की तो बंद दारासमोर जाऊन बसतो. शेपूट हलत नाही. गोळ्यांचं भांडं तसंच. ऊन कललं की उठतो आणि जेवतो, कामावरून आल्यासारखा.

पुढच्या वेळी डॉक्टर हात लावतील की नाही मला माहीत नाही. पुढची वेळ येणार की नाही, हे माझ्या हातात नाही, तुमच्या आहे. तुम्ही वाचताय, म्हणजे असलं काही करत नसाल असं मी धरून चालणार नाही. तुमच्या घरात कुणीतरी करतं, आणि त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसता. तर ऐका. दुखणाऱ्या माणसाला दवाखान्यात न्या. आणि पुढच्या वेळी घरातून कुणी पदराखाली भाकरी घेऊन काळं कुत्रं शोधायला निघालं, की उठा, दारात आडवे उभे राहा, ती भाकरी काढून घ्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तुम्ही स्वतः खा. शेवटच्या घासापर्यंत. तुमच्याने खाववत नसेल, तर ती कुणाच्याही तोंडात घालू नका.