लग्न कुठं लागलं होतं?

ये, अशी जवळ बस. दारातूनच “बरी आहेस ना?” विचारून पळतेस, ही काय रीत झाली? ऐक जरा. नोकरीत प्रकरणं पुष्कळ आली नि गेली, पण वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेमधल्या त्या घराचं प्रकरण अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी वर्ध्यात महिला हवालदार होते. शेजारच्या जिल्ह्यातून एक मुलगी पळवून नेल्याचा बिनतारी संदेश ठाण्यात आला होता. दुसऱ्याच दिवशी एक घरमालकीण आली.

“जमादारीणबाई, माह्या घरची भाडेकरीण पळवून आणलेलीच दिसते. नवरा म्हणते मी मास्तर. पण पोरगी हळदीकुंकवाले येत नाई, घरात देवाचा फोटो नाई, दिवसभर दार लावून राह्यते. लग्नाची बायको अशी राह्यते काय?”

साध्या साडीत गेले. मुलीचं वय संदेशाशी जुळत होतं, दिवसही गेलेले. जोडप्याला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे, ही आमची पद्धत. मोठं खोटं आधी ठरवता येतं, बारीकसारीक ठरवता येत नाही. मास्तरला अंगणात विचारलं, तिला चुलीजवळ. पंगतीत वरण कमी पडलं, मामा रुसला, सगळं जुळलं. मग विचारलं, लग्न कुठं लागलं?

मास्तर म्हणाला, “मारुतीच्या देवळात.”

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. “विहारात,” म्हणाली.

“मग त्यानं देऊळ काऊन सांगितलं?”

“घरासाठी, बाई. नालवाडीपासून हिंडलो. आडनाव सांगितलं की खोली आत्ताच दिलेली राह्यते. आता सातवा चालू आहे. हे घर गेलं तर बाळंतपण कुठं करू?”

संदेशातली मुलगी ही नव्हे; माझा तपास तिथंच संपला. पण फाटकाशी मालकीण उभी. मी म्हटलं, “लग्नाची बायको आहे. तक्रारीत तथ्य नाही.”

“मंग हळदीकुंकवाले काऊन येत नाई?”

ते सांगणं माझं नव्हतं. तेवढ्यात तीच दारात आली.

“काकू, आम्ही बौद्ध आहो. घर पाहिजे होतं म्हणून बोललो नाई.”

मालकीण म्हणाली, “माह्यासंगं खोटं बोलली तू.” मग तिच्या पोटाकडे पाहिलं. “बाळंतपण होऊ दे. मंग पाहू.”

होऊ दे म्हटलं, राहा म्हटलं नाही. मला चैन पडेना. गस्तीवर असले की त्याच गल्लीतून जायची, खिडकीला पडदा आहे का बघायची. बाळंतपण तिथंच झालं. शेकशेगडी मालकिणीनंच केली, हेही सांगते. पण बाळ मान धरायला लागलं नि दाराला कुलूप दिसलं. कुठं गेले, मालकिणीनं विचारलं नव्हतं.

खोटं पकडलं की तपास झाला, असं मी समजायची. त्यानंतर खोटं सापडलं की आणखी एक प्रश्न विचारायला लागले : ते बोलायला लावलं कोणी?

आता माझी मागची खोली रिकामी आहे. तुझी ती मैत्रीण जागा शोधून राह्यली ना? घेऊन ये तिले. आडनाव नाई, नुसतं नाव सांगितलं तरी चालते म्हणावं. लवकर येजो.