पाय न टेकण्याचे रस्ते

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा वाटलं होतं, नवऱ्याचं वेड परवडण्यासारखं आहे. दारू नाही, पत्ते नाहीत, सायकल आहे. रविवारी सकाळी हे आपली वाकड्या हँडलची सायकल काढायचे. पळस्प्याहून पुण्याच्या रस्त्याला लागायचं, दांड फाट्याला आत वळायचं, रसायनीवरून पाताळगंगेच्या काठाकाठाने आपट्याला, आणि तिथून कर्नाळ्याच्या बाजूने गोवा रस्त्याने परत. घरी आले की जेवायची वेळ झालेली. "त्या नदीकाठी एक वळण दुसऱ्यासारखं नाही," असं हे कौतुकाने सांगायचे. मी म्हणायचे, सरळ रस्त्याने बाजारात जाऊन कोथिंबीर आणली असतीत तर जास्त कौतुक केलं असतं.

ऐंशीचं दशक संपता संपता ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. वय काही तसं नव्हतं, पण रोग कुठे वय विचारतो. हाताचं एक वेळ चालवून घेतलं. पुढे पाय ऐकेनात. चालता चालता मधेच जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहायचे. वरून माणूस पुढे कलतो आणि खालून पाऊल सुटत नाही. नोकरी सोडावी लागली. लोक म्हणायचे, "अहो, मनाचा निर्धार करायचा." असं म्हणणाऱ्यांना एकेकदा तसं उभं करावं असं मला फार वाटायचं.

एकदा बाजारातून येताना हे असेच गल्लीत अडकले. हातात माझी लेडीज सायकल, तिला भाजीच्या पिशव्या, मागे रिक्षावाल्याचा भोंगा. मी वैतागून म्हटलं, "चालता येत नाही ना? मग बसा सायकलवर आणि व्हा पुढे!" हे खरंच बसले. मी मागून कॅरियरला धक्का दिला, आणि माझा नवरा, ज्याला मिनिटापूर्वी एक पाऊल टाकता येत नव्हतं, तो पिशव्यांसकट गल्लीच्या टोकाला जाऊन वळला. मी तिथेच रडायला लागले. रिक्षावाल्याला वाटलं, त्याच्या भोंग्यामुळे. डॉक्टर म्हणाले, काहींचं होतं असं. का होतं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

पण त्याला एक अट होती. थांबायचं नाही. पाय टेकला की संपलं. मग ना पुढे ना मागे, उतरवायला दोन माणसं लागत. त्यामुळे ह्यांनी आयुष्यभर पालथे घातलेले रस्ते आम्ही नव्याने तपासायला घेतले. पूर्वी हे डोंगर कुठून चांगला दिसतो ते बघायचे. आता पाय कुठे टेकावा लागणार नाही ते बघायचं. पळस्प्याचा फाटा सगळ्यात आधी यादीतून गेला, तिथे बंदराकडे जाणारे ट्रेलर असे घुसत की धडधाकट माणसाने देवाचं नाव घ्यावं. मग गोवा रस्ता गेला. उरणकडे करंजापर्यंतचा रस्ता सपाट म्हणून करून पाहिला, तिथेही ट्रेलर. आपट्याच्या पुढे रेल्वेचं फाटक, ते कधी पडेल सांगता येत नाही. शेवटी एवढ्या मोठ्या फेरीतला रसायनी आणि आपटा यांच्या मधला नदीकाठचा तुकडा तेवढा उरला. तोही दर वर्षी आखडत चालला होता. आज मुरमाचे डंपर, उद्या कुठल्याशा पाइपासाठी खणलेला चर, परवा गतिरोधक. नदीचं पाणीही तोवर कारखान्यांनी नासवलं होतं. काही दिवशी नाकाला पदर लावल्याशिवाय जाववत नसे. हे म्हणायचे, "वास येऊ दे. वास आला म्हणजे आपण आहोत नदीवर."

आमच्या इमारतीखाली टेम्पो लावणारा एक भाजीवाला होता, करंजाकडच्या गावातला. रविवारी तो आम्हाला दोन्ही सायकलींसकट रसायनीच्या पुढे सोडायचा. ह्यांना दांडीवरून पाय टाकता येत नसे म्हणून हे माझ्या लेडीज सायकलवर, आणि मी ह्यांच्या वाकड्या हँडलच्या सायकलवर, पंजाबी ड्रेस घालून. शाळेत मी बाई म्हणून साडीत वावरणारी. पनवेलमध्ये चर्चा झाली. होऊ दे म्हटलं. टेम्पोवाला आणि मी मिळून ह्यांना सीटवर बसवायचो, ढकलायचो, आणि मग मी मागे मागे. वाटेतल्या एका गावात पिंपळाचा पार आहे. त्याला वळसा घातला की न थांबता उलटं फिरता येतं. परत येऊ तेव्हा टेम्पोवाला हात पसरून रस्त्यात उभा असायचा. "या या, धरतो मी! आमी हाय ना!"

त्या पारावर बसणाऱ्या एका म्हातारीने मला एकदा ओरडून विचारलं, "बाय, नवस हाय का तुमचा? दर आयतवारी फेरी मारता नि देवाला हात पन नाय जोडत!"

"नवसच आहे," मी जाता जाता ओरडले.

"कसला?"

"न थांबायचा!"

हे पुढे एवढे हसले की सायकल डुगडुगली. त्या दिवशी घरी आल्यावर मात्र म्हणाले, "हे फिरणं आहे तोवर मी आहे गं. ते गेलं की मी आणि खुर्ची." मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नका. पण ते उगाच नव्हतं. आठवडाभर मी ह्यांना भरवत होते, बटणं लावत होते, खोलीतून खोलीत ओढत होते, आणि ह्यांचे डोळे विझलेले असत. त्या तेवढ्या तुकड्यावर मला माझा नवरा परत दिसायचा, तोही पाठमोरा.

शेवटची फेरी आम्ही केली तेव्हा ती शेवटची आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हवा छान होती. पारापर्यंत पोहोचण्याआधी समोरून टाळांचा आवाज आला. गावात कोणी गेलं होतं. पुढे मडकं धरलेला मुलगा, मागे तिरडी, मागे गाव, सगळे नदीकडे निघालेले. रस्ता अरुंद होता, पण डाव्या अंगाने सायकल निघाली असती. मी मागून ओरडले, "बाजूने काढा! थांबू नका!"

हे थांबले. नुसते थांबले नाहीत, उतरले. स्वतःचे स्वतः, पाय काढून, सरळ. किती महिन्यांत असं झालं नव्हतं. क्षणभर मला एवढा आनंद झाला की पुढे काय होणार हे माझ्या लक्षातच आलं नाही. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि प्रेताला वाट देण्यासाठी बाजूला व्हायला निघाले. पाऊल उचललं गेलं नाही. सायकल आडवी, हे रस्त्याच्या मधोमध उभे, आणि तिरडी समोर येऊन ठाकली.

"ओ काका, सरका!"

"आरं, मधे काय हुबा? मयत हाय, दिसत नाय?"

"प्यायलाय वाटतं सकाळी सकाळी."

मी सायकल टाकून धावले. "त्यांना आजार आहे! चालता येत नाही त्यांना!" टाळ थांबले. खांदेकरी ताटकळले. मधेच प्रेत खाली ठेवता येत नाही, ते काही मला कुणी सांगायला नको होतं. मडकं धरलेला मुलगा रडायचा थांबून ह्यांच्याकडे बघत होता. मग दोघे तरुण पुढे झाले. त्यांनी ह्यांना काखेत आणि गुडघ्यात धरून उचललं, तसेच्या तसे ताठ, आणि गवतात नेऊन उभं केलं. एकाने टोपी उचलून ह्यांच्या हातात दिली. वाईट कोणीच वागलं नाही. टाळ पुन्हा सुरू झाले आणि सगळे गेले.

मी पुन्हा सायकलवर बसवायचा प्रयत्न केला. ह्यांनी हँडललाच हात लावला नाही. आम्ही परतलो नाही म्हणजे टेम्पोवाला शोधत येईल, म्हणून उन्हात उभं राहून वाट बघत होतो आणि माझा तोल सुटला. "उतरलात कशाला? एकदा नसतं उतरलं तर काय झालं असतं? गेलेल्या माणसाला काय कळणार होतं?"

हे फार हळू बोलायचे तेव्हा. "उतरायचं असतं गं," म्हणाले.

टेम्पोत बसवलं. मग म्हणाले, "मला उचलताना त्यांना जड गेलं का?"

"नाही," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी खालून भोंगा वाजला. हे खिडकीकडे पाठ करून बसले होते. "त्याला जा म्हणावं," म्हणाले. मी समजावलं, चिडले, हातापाया पडले. "पुरे," म्हणाले. भोंगा पुन्हा वाजला. मी खाली गेले. टेम्पोवाला म्हणाला, "चला ना घेऊन. आमी उचलतो दादाला." मी म्हटलं, उचलण्याचंच तर झालंय सगळं. त्याला काय समजलं कोण जाणे, मान हलवून त्याने टेम्पो सुरू केला.

मी जिना चढून वर आले तेव्हा आमचं दार उघडं होतं. हे उंबऱ्यापाशी उभे होते. टोपी घातलेली, पायात उलटसुलट चपला. एक हात चौकटीला, अंग पुढे झुकलेलं, कपाळावर घाम, आणि पाऊल उंबऱ्याअलीकडे.

"थांबव त्याला," हे म्हणाले.

टेम्पो नाक्यावरून वळल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला होता.