नेवऱ्यांची खोकी

खाण बंद पडली तेव्हा आम्हा कामगारांसाठी गोव्यातल्याच साखळी गावात एक शिबिर भरलं होतं. टाय लावलेला एक गृहस्थ आला आणि संकटात संधी कशी शोधावी ते हसून हसून सांगू लागला. समोर बसलेल्या निम्म्या लोकांचे ट्रक अंगणात उभ्या उभ्या गंजत होते. मला त्या हसण्याची किळस आली. पण माणूस खोटं बोलला नव्हता. संधी होती. ती कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं तर त्याने नाकाला रुमाल लावून भाषण केलं असतं, एवढंच.

डिचोलीच्या खाणीवर मी सुपरवायझर होतो. ती नोकरी गेली. मग वास्कोला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात चिकटलो. तिथे माल येईना म्हणून माणसं कमी केली, आणि सगळ्यात नवा म्हणून पहिली उचलबांगडी माझी. मग केरीला किनाऱ्याजवळच्या एका गेस्टहाऊसचा मॅनेजर झालो. मालकाने दोन हंगामांतच गाशा गुंडाळला. पण तिथे एक गोष्ट कळली. वीज गेली तर पाहुणे कुरकुरतात, पाणी गेलं तर भांडतात, पण संडासाची टाकी तुंबली की बॅगा भरतात. आणि टाकी उपसणाऱ्या टँकरवाल्याशी भलेभले मालक मामलेदाराशी बोलावं तसं अदबीने बोलतात. मी एक जुना टँकर घेतला.

पहिल्या दिवशी मी दोनदा ओकलो. पुढे वासाची सवय झाली, माणसांची काही झाली नाही. फाटकावर ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी पाटी लावलेला एक हॉटेलवाला मला म्हणाला, खाडी जवळच आहे, तिथेच सोडून ये, सरकारी मैला-केंद्रापर्यंत कशाला डिझेल जाळतोस? त्याच खाडीतल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं तो पाहुण्यांना वाढत होता. मी टँकर घेऊन सरळ केंद्रावर गेलो आणि त्याचं गिऱ्हाईक सोडलं. अशी बरीच गिऱ्हाइकं सोडली, तरी फोन थांबला नाही. घराचं छप्पर नवं झालं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. खाणीवर होतो तेव्हापेक्षा बरे दिवस आले.

घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. आमचं गाव पेडण्यातलं. चवथीला आमच्या वाड्यावर घुमट-आरतीची मंडळी मातीची घुमटं वाजवत संध्याकाळी घरोघर फिरतात. प्रत्येक गणपतीसमोर आरत्या होतात, मग त्या घरचं काहीतरी तोंडात घालून पुढच्या घरी. कुणाकडे उसळ-पाव, कुणाकडे लाडू. आमच्याकडे नेवऱ्या. करंजीला आम्ही नेवरी म्हणतो. आईच्या नेवऱ्यांचा वाड्यावर बोलबाला होता. मोठं पितळी ताट घेऊन ती स्वतः फिरायची, प्रत्येकापुढे उभी राहायची, आणि ताट रिकामं झालं की तिची चवथ साजरी झाली.

टँकर घेतल्यानंतरच्या पहिल्या चवथीला मंडळी आली. घुमट वाजवतो तो माझा थोरला चुलतभाऊ, देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष. आई ताट घेऊन त्याच्यापुढे गेली तर त्याने पोटावर हात ठेवला.

“ना काकी, पोट भरलां.”

मग दुसऱ्याला शुगर, तिसऱ्याचा दात दुखत होता. एक जण नेवरी हातात घेऊन बाहेर पडला आणि ती मला सकाळी तुळशीमागे सापडली. शेजारच्या घरी हीच मंडळी उसळीवर तुटून पडली होती. पोट भरलेला माझा भाऊ तिथे दुसऱ्यांदा पाव मागत होता. त्याच्या घरची टाकी मीच उपसली होती, तेव्हा त्याने मला गोठ्याच्या बाजूने यायला लावलं होतं. स्वतःच्याच पोटातून गेलेल्या घाणीचा त्याला विटाळ, आणि तो विटाळ मला चिकटलेला! शिसारी यावी ती टाकीची की याची? भरलेलं ताट आईने कपड्याने झाकलं, आणि दुसऱ्या दिवशी नेवऱ्या गाईला घातल्या.

यंदा ठरवलं, नेवऱ्या ह्यांच्या घशाखाली घालायच्याच. म्हापशाच्या एका मिठाईवाल्याची टाकी मी उपसतो. तिचं झाकण त्याच्या मागच्या खोलीत आहे, जिथे लाडू वळतात तिथेच. मी झाकण उघडतो तेव्हा लाडवांचे ट्रे हातभर बाजूला सरकवतात, बंद केलं की परत झाकणावर ठेवतात. त्याच्याकडून मी कोरी खोकी मागून घेतली, वर सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव. आईने नेवऱ्या तळल्या आणि ती जरा आडवी झाली, तेव्हा मी तिचं ताट भरून ठेवलं आणि उरलेल्या सगळ्या खोक्यांत रचल्या. माझ्या ह्याच हातांनी.

संध्याकाळी आरत्या झाल्या. आई ताट घेऊन उठली. भावाचा हात पोटाकडे निघालाच होता, तेवढ्यात मी टेबलावरची खोकी उघडली.

“दादा, ह्यो म्हापशाच्यो.”

हात पोटावरून सुटला तो थेट खोक्यात. शुगरवाला आला, दातवाला आला. आई ताट घेऊन उभीच होती, तिला वळसा घालून सगळे टेबलाकडे गेले.

“काकी, नेवरी आसूंक जाय तर अशी,” भाऊ तोंड भरून म्हणाला. “पळय, तोंडांत घालतकच विरगळटा.”

मिशीला खोबरं लागलेलं ते तोंड बघून मला किळस आली, आणि तितकाच आनंदही झाला. वर्षभर तयार करून ठेवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं: ह्या आईच्याच नेवऱ्या, आणि खोक्यांत भरल्यात मी. मी तोंड उघडलं. त्याआधीच आई म्हणाली, “खा रे, आनी एक खा. देवाचो प्रसाद तो.” आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की वाक्य घशातच राहिलं. खोकी चाटूनपुसून मंडळी पुढच्या घरी गेली.

मी स्वयंपाकघरात गेलो. जिंकल्यासारखं वाटत होतं, काय लपवू?

“आई गे, पळयलां? एकय उरूंक ना!”

तिने ताट चुलीजवळ खाली ठेवलं. नेवऱ्या रचल्या होत्या तशाच होत्या. त्यावर कपडा घालत ती म्हणाली, “ताट खंय रिकामां जालां? रिकामी जाली ती खोकी.”