न जळालेली तार

दोन हजारच्या दशकात नाशिकमध्ये आमच्या भागात संध्याकाळचं भारनियमन ठरलेलं असे. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. आईला उकाडा सोसत नसे, म्हणून मी बॅटरीवरचा पंखा करायला घेतला. बॅटरी जुन्या जीपची होती. ती भरायला ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोडचा चार्जर जोडला. मोटार घरीच गुंडाळली. तार पंचवटीत जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या एका मिस्त्रीकडून आणली.

तार मोजताना तो गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "पेपरवाल्यांनी शाईत हात घालावा. तांब्याच्या नादी लागू नये." गिऱ्हाइकं हसली. मी त्याला दसऱ्याला सोनं द्यायला घरी बोलावलं आणि दिवे गेले की पंखा दाखवतो म्हणालो. त्या क्षणापासून आईचा उकाडा मागे पडला. मला त्याला चारचौघांत गप्प करायचं होतं.

नवमीच्या सकाळी मोटार फिरत होती. दसऱ्याला तो आला. शेजारचे चार-पाच जण बसलेले होते. दिवे गेले, मी बटण दाबलं, पातं हललं नाही. मिस्त्रीनं वाकून मोटारीला नाक लावलं.

"जळका वास आहे. वायंडिंग गेलं." मग माझ्या हातात आपट्याची पानं ठेवत म्हणाला, "घ्या साहेब, सोनं घ्या. तांबं राहू द्या आमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी मी तपासायला बसलो. बॅटरी भरलेली होती. चार्जर नीट होता. मोटारीच्या ब्रशपर्यंत, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपर्यंत, बारा व्होल्ट येत होते. मात्र बॅटरी सोडवून पाहिलं, तर एका ब्रशपासून आतल्या तारेतून दुसऱ्यापर्यंत वाट जोडलेली असल्याचं मीटर दाखवत नव्हता. मिस्त्री बरोबर होता, असं मी धरलं आणि सगळी तार उलगडली. त्यात तीन दिवस गेले. तार अखंड निघाली. तिचं वार्निश कुठंही काळवंडलं नव्हतं.

मग मी ब्रश जिथं घासतात ती दांड्यावरची तांब्याची कडी फडक्यानं पुसली. फडकं लाल झालं. खंडेनवमीला आईनं विळी, हातोडी आणि सायकलीबरोबर मोटारीचीही पूजा केली होती. तेलात कालवलेलं कुंकू तिनं सगळ्यात चकचकीत जागी लावलं होतं. ते वाळून ब्रशखाली बसलं होतं आणि वीज तिथंच अडत होती. जळका वास धुपाचा होता.

तारेचं भेंडोळं घेऊन मी दुकान भरलेलं असताना मिस्त्रीकडे गेलो. ते त्याच्यापुढे ठेवलं.

"मिस्त्री, यातली एक वीत जळालेली दाखवा."

त्यानं तार बोटांतून ओढली. दोन्ही टोकांना टेस्टलॅम्प लावला. दिवा लागला, म्हणजे तार शाबूत होती. तो लॅम्प बाजूला ठेवून माझ्याजवळ सरकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मग बंद का होती?"

कुंकवाचं सांगितलं असतं तर तो सुटला असता. कोणाच्याही नजरेतून ते निसटलं असतं. मी स्वतः मीटर लावून तीच चूक केली होती. पेपरात आम्ही दुसरी बाजू विचारल्याशिवाय बातमी छापत नसू.

"ते तुम्ही सांगायचं होतं," मी म्हणालो.

मखमलाबादचा एक फुलशेतीवाला पाण्याची मोटार भरायला घेऊन आला होता. त्यानं तारेकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

"मंग ही माझी मोटार तरी खरंच जळालीय का? मागल्या साली बी तुम्ही नुसता वास घेऊनच भरायला लावली व्हती."

"अहो दादा, तेव्हा तुमची जळालीच होती."

"ऱ्हाऊ द्या. दुसरीकडं दावतो."

त्यानं मोटार लुनावर बांधली. मिस्त्री त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेला, पण लुना थांबली नाही. तो परत येईपर्यंत आणखी दोघांनी आपापल्या मोटारी उचलल्या होत्या. तो लबाड होता असं मी एका शब्दानं म्हटलं नव्हतं. मी तार सावकाश गुंडाळत राहिलो. शेवटची मोटार रिक्षात चढेपर्यंत थांबलो, मग निघालो.