काश्यप गोत्राची झाडं

दप्तरदार काका रानाच्या तोंडाशी पोचले की चपला काढायचे, टोपी काखेत मारायचे आणि आत बघून विचारायचे, "येऊ का?" मग चांगली दोन-तीन मिनिटं नुसते उभे. मागे आम्ही आठ-दहा माणसं माळव्याच्या उन्हात ताटकळत. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. काका, आतून 'या' कोण म्हणणार आहे, असं मी विचारलंसुद्धा. तेव्हा मी नवी नवरी होते आणि जिभेला हाड नव्हतं. ते म्हणाले, "कोणी नको म्हणत नाहीये ना, ते ऐकून राहिलोय, सूनबाई." चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही.

दप्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे, काम होतं. त्यांच्या घराण्यातला मूळ पुरुष शिंदेशाहीत कागद सांभाळायला उज्जैनला आला आणि मग पिढ्यान्‌पिढ्या यांनी कागदच सांभाळले. काका कचेरीतल्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. आमचे हे त्याच कचेरीत, आणि फ्रीगंजमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. काकांना मूलबाळ नव्हतं, काकू लवकर गेलेल्या. 'हरवला' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. "कागद हरवत नाही, माणूस शोधायचं सोडतो," असं म्हणून ते स्टुलावर चढायचे आणि धुळीतून नेमकं ते बाड काढून द्यायचे. आमचे हे घरी येऊन ही गोष्ट मला दर आठवड्याला सांगायचे, जसं काही पहिल्यांदाच.

माझं माहेर सावंतवाडीकडचं, घाटाच्या पायथ्याचं. जंगल म्हणजे काय ते मी जन्मापासून बघितलेलं. त्यामुळे नानाखेड्याच्या पुढे, जिथे तेव्हा नुसती शेतं होती, तिथे ओढ्याच्या खोलगट भागात एक 'काळी झाडी' आहे असं काकांनी सांगितलं, तेव्हा मी मनात नाक मुरडलं. आमच्याकडच्या रानापुढे तुमची ही झाडी ती काय? मग आत गेले. बाहेर वैशाखाचा फुफाटा आणि आत पायाखाली ओला पाचोळा. खिरनीची झाडं एवढी जुनी की तिघीजणींनी हात धरले तरी कवेत येईनात. जांभूळ, उंबर, अर्जुन, आणि वरती पानांचं असं छप्पर की ऊन खाली यायचं ते हिरवं होऊन. कुठेतरी पाणी थेंबथेंब गळत होतं. काका एकेका खोडाशी थांबून हात जोडत होते आणि मला आपोआप डोक्यावरून पदर घ्यावासा वाटला. कोकणात रान रोज दारात, म्हणून मी त्याच्याकडे कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. ते मला या माणसाने शिकवलं, तेही एक शब्द न बोलता. कारण रानात ते बोलतच नसत.

हे रान दरबाराने राखून ठेवलेलं होतं. स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं, आणि पलीकडच्या खेड्यातली मंडळी कुऱ्हाडी घेऊन निघाली. राजाचं रान आता कोणाचंच नाही, असा सरळ हिशोब. सगळ्यांत पुढे भेरूलाल, अंगाने पहिलवान. काका एकटेच त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांना ओरडता येतच नसे. म्हणाले, "राज अपना हुआ ना, भेरूलाल? तो जंगल भी अपना हुआ। अपना कौन काटता है?" भेरूलालने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली, आणि पुढची सगळी वर्षं तोच आमच्या राखणमंडळाचा पहिला राखणदार होता. खेड्यातली चाळीसेक घरं आणि फ्रीगंजमधली आम्ही काही मराठी कुटुंबं, सगळ्यांच्या पाळ्या लागल्या. माझी पाळी गुरुवारची. पोळीचा डबा घेऊन मी दिवसभर रानात बसायची आणि सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची सून झाडं राखायला जाते. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते मला अजून कळलेलं नाही.

पण काकांचं खरं डोकं चाललं ते क्षिप्रेच्या राम घाटावर. तिथल्या पंड्यांकडे, म्हणजे तीर्थोपाध्यायांकडे, लांबोडक्या बह्या असतात, नोंदवह्या. कुठल्या गावचं कुठलं कुळ, कोण कधी आला, कोणाला मुलं किती, पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ. सर्वपित्री अमावास्येला काका आम्हा सगळ्यांना आमच्या पंडाजींकडे घेऊन गेले आणि म्हणाले, प्रत्येक राखणदाराच्या कुळाखाली त्याचं एक झाड लिहा. माणूस मेला तरी त्याच्या नातवाला कळलं पाहिजे की आपल्या घरात अमुक एक झाड आहे. पंडाजींनी चष्मा कपाळावर चढवला. बही में पेड़ कैसे लिखें, पेड़ का गोत्र क्या, त्यांनी विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "जिसका गोत्र मालूम नहीं उसका काश्यप, ये तो आप ही ने सिखाया है, महाराज।" पंडाजी हसले आणि त्यांनी दौत पुढे ओढली. मग मूळ ठिकाण काय लिहू, म्हणाले, कारण प्रत्येक कुळाचं मूळ लिहावंच लागतं. तेव्हा काकांनी डोळे मिटून रान राखून ठेवल्याचा दरबारचा हुकूम सांगितला. नंबर, तारीख, हद्दी, सगळं तोंडपाठ. तेव्हापासून दरवर्षी अमावास्येला ज्याने त्याने आपलं झाड बघून यायचं आणि बहीत एकच शब्द लिहायचा: आहे.

माझ्या वाट्याला ओढ्याकाठची एक वाकलेली खिरनी आली. त्या वर्षी परतताना मी काकांना आमच्या घाटातल्या रानाचं सांगत होते. चार महिने पाऊस, झाडावर झाड, त्यावर शेवाळ, त्यावर पुन्हा फुलं. चालता चालता ते मध्येच थांबले. "चार महिने?" एवढंच म्हणाले. घराशी आल्यावर हळूच विचारलं, "तिथे राखायला कोण बसतं?" कोणी बसत नव्हतं. आमच्याकडे ते आहेच, असंच आम्ही धरून चाललो होतो.

पुढे प्रांतांची फेररचना झाली. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळ. जुने कागद यादीप्रमाणे भोपाळला पाठवायचा हुकूम निघाला. बाकीच्यांनी आपापल्या गरजेच्या कागदांच्या नकला ठेवून घेतल्या. काकांनी नाही. सरकारचा कागद सरकारकडे जायलाच हवा, म्हणून रानाची अस्सल फाइल त्यांनी स्वतःच्या हाताने पोत्यात बांधली. आणि ती भोपाळला पोचलीच नाही. वर्ष उलटायच्या आत एका ठेकेदाराला ती झाडी कोळशासाठी मिळाली, कारण ती राखीव होती असं सांगणारा कागदच कुठे नव्हता.

काका तीनदा भोपाळला जाऊन हुकुमाचा नंबर सांगून आले, पण तोंडचं कोण धरतो? तिसऱ्यांदा आले ते थेट आमच्या ओट्यावर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. "रान मी तोडलं, सूनबाई," म्हणाले. तोपर्यंत कडेची काही झाडं पडलीही होती, त्यात भेरूलालची खिरनी. त्या अमावास्येला क्षिप्रेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काकांनी आपल्या आईवडिलांनंतर त्या खिरनीला तिलांजली दिली. काश्यप गोत्र म्हणून, रीतसर. शेजारी भेरूलाल लहान मुलासारखा रडत होता. घाटावर दर्शनाला आलेले लोक बघत उभे राहिले, आणि कोणीही हसलं नाही.

तिथेच, पायऱ्यांवर ओल्या लुगड्याने बसलेली असताना, माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी म्हटलं, "काका, पंडाजींनी झाडांचं मूळ विचारलं तेव्हा तुम्ही हुकूम सांगितला होता ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. सारा जन्म कागदात घालवलेल्या या माणसाला बही हा कागद आहे, हे सुचलंच नव्हतं. त्यांच्या लेखी कागद म्हणजे सरकारी शिक्क्याचा. माझ्यासारख्या सातवी पास बाईला ते सुचलं, याचा मला आजही गर्व आहे, आणि मी तो लपवत नाही.

चौकशीला भोपाळहून साहेब आले, थेट रानाशी. एकीकडे ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी टेकून बसलेली, दुसरीकडे आम्ही. पंडाजी बही डोक्यावर घेऊन चालत आले होते. साहेब भले होते, पण म्हणाले की ही काही सरकारी नोंद नव्हे, पंड्याच्या बहीवर मी निकाल कसा देऊ? पंडाजींनी वाद घातला नाही. "साहब का गाँव?" एवढंच विचारलं. साहेबांनी गाव सांगितलं, कूळ सांगितलं. पंडाजींनी पानं उलटली, एकावर बोट ठेवलं आणि बही त्यांच्यापुढे सरकवली. साहेबांच्या आजोबांची सही होती. काशीयात्रेच्या वाटेवर उज्जैनला थांबले तेव्हाची, आणि खाली नातू झाल्याची नोंद. तो नातू ती नोंद वाचत उभा होता. त्यांनी पान कपाळाला लावलं. मग खाली बसून झाडांच्या पानावरचा हुकुमाचा नंबर आणि तारीख आपल्या वहीत उतरवून घेतली, आणि ग्वाल्हेर दरबारच्या जावक रजिस्टरात शोध होईपर्यंत एकही कुऱ्हाड उठणार नाही, असं तिथेच लिहून दिलं. दोन महिन्यांनी रजिस्टरात तो हुकूम सापडला. ठेका रद्द झाला. काका मला म्हणाले, "बघा, हरवत नाही," आणि मग पहिल्यांदाच माझ्यासमोर डोळे पुसले.

त्याच वर्षी आमच्या ह्यांची भोपाळला बदली झाली. निघताना मी काकांच्या पाया पडले आणि म्हटलं, माझ्या गुरुवारचं काय, माझ्या झाडाचं काय? ते म्हणाले, "झाड तुमच्या कुळात आहे. बदली तुमची झालीय, त्याची नाही."

मग संसार, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण. उज्जैनला जायचं राहतच गेलं. याची मला लाज वाटते. काका गेल्याचं पत्र आलं तेही महिन्याने. त्यानंतर दोन वर्षांनी, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी एकटीच राम घाटावर गेले. पंडाजीही आता नव्हते, त्यांच्या मुलाने आमचं पान काढून दिलं. ह्यांचे आजोबा, सासरे, हे, मुलं. त्याखाली: खिरनी, काश्यप गोत्र, ओढ्याकाठी वाकलेली. आणि त्याखाली, मी गेल्यापासूनच्या एकेका वर्षापुढे, दप्तरदार काकांच्या अक्षरात: आहे. आहे. आहे. बारा वेळा. शेवटचं अक्षर थरथरलेलं होतं.

त्या शेवटच्या वर्षी काकांना चालवत नव्हतं, पंडाजींचा मुलगा सांगत होता. इथे घाटावर बसूनच लिहा, असं सगळ्यांनी विनवलं. "बोले, बिना देखे नहीं लिखूँगा। भेरूलाल खाट पर उठाकर ले गया था।"

खाली दोन वर्षांची जागा मोकळी होती. त्याने लेखणी पुढे केली. मी म्हटलं, उद्या.

सकाळी उठून मी रानाकडे गेले. नानाखेड्याच्या पुढे घरं वाढली होती, पण झाडी तशीच काळीभोर. तोंडाशी चपला काढल्या. पदर घेतला. एवढ्या वर्षांनी आत बघून विचारलं, "येऊ का?"

आणि कोणी नको म्हणतंय का, ते ऐकत बराच वेळ उभी राहिले.